जमीन पाणी पिते का?

रामपायलीत कुणी म्हणालं, "गॅरेजची जमीन करून घ्यायची आहे," तर समोरचा हमखास विचारतो, "गॅरेज? टाकलं कधी?" दोष त्याचा नाही. आपल्याकडं गॅरेज म्हणजे ग्रीसमध्ये न्हालेली दोन पोरं, अर्धी उघडलेली मोटारसायकल आणि "उद्या या" हे वाक्य. घराला चिकटून असलेल्या ज्या जागेत गाडी उभी करायची तिला छपरी म्हणायचं, शेड म्हणायचं, आणि घर नवं असेल तर पोर्च म्हणायचं. बरं, तिथं गाडी असेलच असंही नाही. रामपायलीचा हा बालाघाट जिल्हा धानाचा. इथल्या चिन्नोर तांदळाला २०२१ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. पण ते धान घरी आल्यावर ठेवायचं कुठं, हा प्रश्न मानांकनानं सोडवलेला नाही, छपरीनं सोडवलाय. म्हणून दिवाळीनंतर तिथं पोती, मग युरियाच्या गोण्या, मध्येच घरात लग्न निघालं तर आचाऱ्याच्या भट्ट्या, आणि गाडी बिचारी बाहेर चिंचेखाली, कावळ्यांच्या स्वाधीन. अशा या बारा कामांच्या खोलीला इपॉक्सीचा आरशासारखा थर द्यायची हौस आता तालुक्याच्या गावांपर्यंत पोचली आहे. हौसेला माझा विरोध नाही. माझं म्हणणं ठेकेदाराबद्दल आहे. तो निवडायची आपली पद्धत साफ चुकलेली आहे, आणि बरोबर पद्धत घरात ज्या एका व्यक्तीला ठाऊक असते, तिला आपण नेमकं त्या दिवशी चहा टाकायला आत पाठवतो.

आधी चुकीची पद्धत पाहू. ठेकेदार तीन वाटांनी येतात. पहिला येतो मोबाइलमधून. "भाऊ, हे पाहा, हे नागपूरचं काम. हे रायपूरचं." फोटो सुंदरच असतात. प्रत्येक फोटोत जमिनीत छताचा दिवा दिसतो, आणि प्रत्येक फोटो काम संपल्यावर तासाभरात काढलेला असतो. लग्नाचा अल्बम पाहून संसार कसा चाललाय ते कळत नाही, तसंच हे. "दोन पावसाळ्यांनंतरचा एखादा फोटो?" असं विचारलं की मोबाइलची बॅटरी संपते. दुसरा येतो नात्यातून: मेव्हण्याच्या साडूच्या शेजारचा रंगारी. त्याचं तत्त्वज्ञान सरळ असतं: "रंगच तर आहे काका, भिंतीले उभा लावतो, इथं आडवा लावू." तिसरा खरा जाणकार असतो. कारखान्यांची, दवाखान्यांची, गोदामांची कामं केलेला, गोंदियाहून किंवा नागपूरहून आलेला. त्याला आपल्या २४० चौरस फुटांची कीव येते. "साहेब, एवढ्याश्यासाठी मशीन आणू?" एवढं बोलून तो निघतो, तो परत दिसत नाही. आता या तिघांना आपण कोणत्या कसोटीवर घासतो? दर काय. बोलणं कसं. आणि कार्तिक पौर्णिमेच्या यात्रेआधी उरकून देतो का, कारण यात्रेला पाहुणे येणार आणि जमीन अर्धी तर पाहुण्यांसाठीच करायची असते. या तिन्ही कसोट्यांचा जमिनीशी काडीचा संबंध नाही. शेवटी काम मिळतं ते "होऊन जाईल" म्हणणाऱ्याला. ("होऊन जाईल" या क्रियापदाला कर्ता नसतो, हे व्याकरणाच्या पुस्तकात सापडायचं नाही, जमीन उखडल्यावर कर्ता शोधायला निघालं की कळतं.)

आता अंगण सारवणाऱ्या बाईकडं, म्हणजे घरातल्या आजीकडं पाहा. ती शेणाच्या घमेल्याला हात लावते तो बऱ्याच उशिरा. आधी झाडते, तेही दोनदा, दुसऱ्यांदा कोपऱ्यांपुरतं. जुन्या सारवणाचे पोपडे सुटलेले असतील तिथं उलथन्याच्या कडेनं खरवडते, आणि जे सुटू पाहतंय पण अजून सुटलेलं नाही तेही नखानं उचकटून पाहते. उंदरांनी उकरलेलं, मुसळानं पडलेलं, असे खळगे आदल्या दिवशी मातीनं बुजवून ठेवते, कारण ओल्या मातीवर सारवलं तर दुसऱ्या दिवशी तिथं भेग पडते हे तिला ठाऊक आहे. मग हातानं पाणी शिंपडते आणि क्षणभर थांबते. हे थांबणं महत्त्वाचं. पाणी जिथं झटकन जिरतं ती जमीन तयार. जिथं थेंब गोळी होऊन बसून राहतो तिथं तेल सांडलंय किंवा काही चिकट आहे, तिथं राख टाकून घासायचं. यानंतर कुठं शेण. तेसुद्धा घमेलंभर एकदम कालवत नाही. उन्हाचा कडाका असेल तर थोडं थोडं, हात पुरेल तेवढंच. पाच बोटांची अर्धवर्तुळं एकमेकांवर चढत जातात, आणि आधीची कड ओली असतानाच पुढचा हात पडतो. सगळं झालं की दोरी बांधून पोरांना, कोंबड्यांना आणि घरच्या कर्त्या पुरुषाला तासभर मज्जाव. या तिघांत कोंबड्या त्यातल्या त्यात ऐकतात.

माझा दावा असा की यात इपॉक्सीच्या कामाचं जवळजवळ सगळं शास्त्र आलं. इपॉक्सी म्हणजे काही परग्रहावरची वस्तू नव्हे. १९४६ मध्ये सीबा या स्विस कंपनीनं आरल्डाइट बाजारात आणलं, त्याच कुळातली ही. आरल्डाइटच्या दोन नळ्या आपल्या प्रत्येक घरात फडताळाच्या कोपऱ्यात असतात, त्यातली एक कायम वाळलेली. त्या वापरून कपाचा कान जोडलेला नाही असा मराठी माणूस विरळा, आणि तो कान तिसऱ्या चहाला हातात राहिला नाही असा त्याहून विरळा. आपण म्हणतो, "हल्ली माल चांगला येत नाही." माल तोच असतो, कपाला साखरेच्या पाकाचा लेप होता, तो पुसला कुणी? जमिनीचंही असंच आहे. इपॉक्सीचा थर उखडतो तेव्हा बहुधा इपॉक्सी तुटलेलं नसतं. ते ज्याला चिकटलं होतं तेच सुटून आलेलं असतं. ठेकेदाराच्या हातातला चकचकीत पोपडा उलटा करून पाहिला तर पाठीला सिमेंटची पांढरी भुकटी दिसते. थर इमानी निघाला, खालची जमीन फितूर झाली.

ही फितुरी कुठून येते ते आपल्या मिस्त्रीला विचारा, तो अभिमानानं सांगेल. कोबा टाकून झाला की तो वर कोरं सिमेंट भुरभुरतो आणि थापीनं घोटून घोटून काचेसारखा करतो. शिवाय काँक्रीटमध्ये पाणी जास्त झालं की सिमेंटचा अगदी बारीक अंश वर तरंगून येतो आणि वाळून कमकुवत पापुद्रा होतो. दुधावर साय यावी तसा. फ्रेंचांनी तर त्याला नावच दुधावरून दिलंय. ही साय काढल्याशिवाय वर काहीही लावलं तरी ते सायीलाच चिकटणार. ती काढायचा खरा मार्ग हिऱ्याच्या कणांची चकती लावलेलं यंत्र जमिनीवर फिरवून ती खरखरीत करणं, बारीक सॅंडपेपरसारखी. काही जण अ‍ॅसिड ओततात. त्यानंही काही प्रमाणात काम होतं, पण मग भरपूर पाण्यानं धुणं आलं, अ‍ॅसिड मारणं आलं, आणि धुतलेली जमीन पुन्हा वाळवणं आलं. संडासचं अ‍ॅसिड ओतून अर्ध्या तासात रोलर हातात घेणारा ठेकेदार यातलं पहिलं वाक्य तेवढं ऐकून आलेला असतो. आणि यात आपला गुन्हा त्याच्यापेक्षा मोठा आहे. कारण आपला पहिला प्रश्न काय असतो? "धूळ तर होणार नाही ना?" जो म्हणतो, "होईल काकू, फार होईल, पोती हलवा, पडदे काढा," तो नापास. जो म्हणतो, "अजिबात नाही, डाग लागू देणार नाही," त्याच्या हातात इसार. धूळ उडवणाऱ्याला हाकलायचं, डोळ्यांत धूळ फेकणाऱ्याला ठेवायचं, असा हा व्यवहार. सारवणारी बाई असती तर तिनं उलथनं पुढं करून विचारलं असतं, "आधी खरवडशील कशानं?" बस्स. निम्मे ठेकेदार तिथंच गळाले असते.

यावर पहिला आक्षेप येणार, आणि तो वजनदार आहे: शेण ओल मागतं, इपॉक्सीला ओलीचं वावडं. मग सारवणाची अक्कल इथं उलटी पडणार नाही का? कबूल, नियम उलटा आहे. पण ओल कुठं असते हे कुणाला कळतं? ठेकेदार दुपारी बारा वाजता येतो, कडक उन्हात, आणि जमिनीवर बूट आपटून सांगतो, "ठणठणीत कोरडी आहे." रामपायली चंदन नदीच्या काठी, भोवती धानाच्या बांध्या, पावसाळाभर पाणी भरलेल्या. जमिनीखाली प्लॅस्टिकचा कागद अंथरून कोबा टाकायची रीत आपल्याकडं फारशी नाही, त्यामुळं खालची वाफ काँक्रीटमधून हळूहळू वर येत राहते. उघड्या कोब्यातून ती गुपचूप उडून जाते. वर इपॉक्सीचं झाकण बसलं की भाताच्या पातेल्यासारखे फोड येतात. याची परीक्षा साधी आहे, पैसे लागत नाहीत. दीड फूट लांब, दीड फूट रुंद प्लॅस्टिकचा पारदर्शक तुकडा जमिनीवर ठेवायचा, चारी कडा चिकटपट्टीनं बंद करायच्या आणि किमान १६ तास तसाच राहू द्यायचा. उचलल्यावर आत घाम दिसला किंवा जमीन काळवंडलेली दिसली, तर थांबायचं. हा तुकडा ठेवायचा कुठं, ते मात्र घरातली बाईच सांगणार: कोणत्या कोपऱ्यात पापड सादळतात, कोणत्या भिंतीकडच्या पोत्याचा तळ दरवर्षी काळा होतो. पापडांनी वर्षानुवर्षं घेतलेली ही नोंद कोणत्याच ठेकेदाराच्या वहीत नसते. नवा कोबा असेल तर निदान २८ दिवस त्याला वाळू द्यावं लागतं, हेही ओघानं आलं. पण आपल्याला यात्रेची घाई. "अठ्ठावीस? आमच्याकडं चार आहेत." आणि ठेकेदार? "होऊन जाईल."

दुसरा आक्षेप शिकलेल्या माणसांचा. सारवण आठवड्यात उडतं, इपॉक्सी वर्षानुवर्षं टिकायला हवं. जिचं काम आठवडाभर टिकतं तिच्याकडून टिकाऊपणा काय शिकायचा? मला वाटतं, सगळी गोम इथंच आहे. काम आठवड्यात उखडतं म्हणूनच तिला कळतं ते कशामुळं उखडतं. पन्नास वर्षांत तिनं आपलीच चूक शेकडो वेळा अनवाणी पायाखाली घेतलेली असते. तिला त्याच जमिनीवर बसून भाजी निवडायची असते. ठेकेदाराचं उलट आहे. तो आपल्या कामाला आयुष्यात एकदाच पाहतो, ते ओलं असताना. त्यानंतर त्याची आणि त्या जमिनीची भेट होत नाही, आणि भेट होऊ नये याची तो काळजीही घेतो. चूक पाहायलाच न मिळालेला माणूस वीस वर्षं काम करूनही पहिल्या दिवसाइतकाच निर्धास्त राहू शकतो. त्याला आपण "अनुभवी" म्हणतो. म्हणून "किती कामं केलीत?" हा प्रश्न बिनकामाचा आहे. "उखडलेलं काम कोणतं, आणि का उखडलं?" हा विचारावा. जो म्हणेल "आपलं एकही उखडलं नाही," त्यानं एकाही ठिकाणी मागं वळून पाहिलेलं नाही. जो जरा खजील होऊन म्हणेल, "एका दुकानात गेलं होतं साहेब, खाली तेल मुरलेलं, आम्ही घाई केली," त्याला खुर्ची द्या.

"पण गॅरंटी लिहून घेतली की झालं ना?" असं म्हणणारे असतात, आणि ते भाबडे असतात. गॅरंटीचा कागद वाचण्यासारखा असतो. ओलीमुळं झालेल्या नुकसानीला लागू नाही. खालच्या जमिनीला भेग गेल्यास लागू नाही. ऊन, अ‍ॅसिड, जड वस्तू ओढणं, गरम टायर, यांना लागू नाही. म्हणजे रामपायलीतल्या छपरीत जे जे घडू शकतं ते सगळं वगळून जे उरतं त्याला ती लागू आहे, बहुधा भूकंपाला. आणि हा कागदसुद्धा बिल घेतलं तरच. "बिल पाहिजे की बिनबिलाचं? बिल घेतलं तर १८ टक्के वर," असं म्हटलं की आपण राष्ट्रहिताचा क्षणभर विचार करतो आणि बिनबिलाचं घेतो.

तिसरा आक्षेप हिशोबाचा: आजीला मायक्रॉन कुठं कळतात? कोटेशनवर तर "३०० मायक्रॉन" लिहिलेलं असतं. खरं सांगायचं तर मायक्रॉन आपल्यालाही कळत नाहीत, फक्त आपण मान डोलावतो. ३०० मायक्रॉन म्हणजे ०.३ मिलिमीटर, साध्या झेरॉक्सच्या कागदाची तीन पानं एकावर एक ठेवली तर साधारण तेवढी जाडी. आता तेलाच्या डब्यावर महिना काढणाऱ्या बाईला एवढंच सांगा: एक चौरस मीटरवर एक लिटर ओतून सारखं पसरलं की एक मिलिमीटर जाडी होते. छपरी बारा बाय वीस, म्हणजे २४० चौरस फूट, म्हणजे सव्वाबावीस चौरस मीटरच्या आसपास. तीनशे मायक्रॉनला पावणेसात लिटर माल लागणार, आणि तोही वाळताना काहीच न उडणारा. निम्मा उडणारा असेल तर दुप्पट. यानंतर ठेकेदार चार लिटरचा एकच डबा स्कूटरच्या पायाशी ठेवून आला, तर ती विचारणारच, "बाकीचं मागून येतंय का?" बारा माणसांच्या पुरणाला किती डाळ लागते हे न मोजता सांगणारी बाई या डब्याला फसत नाही. आपण फसतो, कारण आपण कोटेशन वाचतो आणि डबा पाहत नाही. तीच गोष्ट कालवण्याची. दोन भाग एकत्र केले की साधारण अर्धा तास हातात असतो. बालाघाटच्या मे महिन्यात त्याहून कितीतरी कमी. वेळ वाचवायला ज्यानं सगळा माल एका बादलीत कालवला, त्याची बादली तापते, कधी धुरावते, आणि शेवटी रोलर आत उभाच राहतो, ध्वजस्तंभासारखा. थोडं थोडं कालवावं, हे घमेल्यानं आधीच सांगून ठेवलेलं होतं.

काही गोष्टी सारवणात नाहीत, हे मान्यच करायला हवं. शेणावर ऊन पडलं तर शेणाचं भलंच होतं. साधं इपॉक्सी उन्हानं पिवळं पडतं, म्हणून दारालगतच्या पट्ट्यावर ऊन सोसणारा वेगळा वरचा थर लागतो. लांबून आलेल्या गाडीचे तापलेले टायर रात्रभर एका जागी उभे राहिले की कच्च्या थराला चिकटून तो उचलतात, हेही घमेल्याला ठाऊक असायचं कारण नाही. ट्रॅक्टरच्या फाळाचं तर बोलायलाच नको. त्याच्यापुढं कोणताच थर टिकत नाही, आणि फाळ बाहेर काढून ठेवायला घरात कुणी तयार नसतं. हे प्रश्न शिकून घ्यावे लागतात. माझ्यासारख्या कागदी माणसानं तेवढे दोन प्रश्न कागदावर लिहून आणावेत, विचारावेत आणि बाजूला व्हावं. बाकीची मुलाखत आजीची.

ती कशी होईल याची कल्पना करता येते. ठेकेदार मोबाइल पुढं करील. ती चष्मा नाही म्हणून बघायची नाही. तांब्यातलं पाणी ओंजळीत घेऊन ती कोब्यावर शिंपडील. जिथं ट्रॅक्टरचं ऑइल गळायचं तिथं थेंब टपोरे होऊन बसतील, बाकी ठिकाणी डाग पसरून जिरतील. "हे पाणी काहून पीत नाही रे?" ठेकेदार म्हणेल, "होऊन जाईल आजी." ती विचारील, "कोण करील?" इथं पहिल्यांदा त्या क्रियापदाला कर्ता शोधावा लागेल आणि ठेकेदाराच्या कपाळाला घाम येईल. मग खरवडणार कशानं, कालवणार किती, वाळायला किती दिवस, आणि तोवर माझी पोती कुठं. एवढ्यात तो हिंदीवर आलेला असेल. शेवटी उठता उठता, गुडघ्यावर हात ठेवून, ती सहज विचारील, "सुरुवात कुठून करशील बाबू?" ठेकेदाराला हायसं वाटेल. इतक्या वेळात पहिला सोपा प्रश्न. तो उत्साहानं रस्त्याकडच्या शटरपाशी जाऊन उभा राहील आणि हात करून दाखवील, "इथून सुरू करून, आजी, थेट त्या मागच्या भिंतीपर्यंत."

मागच्या भिंतीला दार नाही.